अपघातदुरुस्तीनंतरची वाहनरंगाची निगा (भोर व वेल्हे)

अपघातदुरुस्तीनंतरची रंगनिगा म्हणजे वाहनाचा चेपलेला पत्रा सरळ करून त्यावर दिलेला नवा रंग पूर्ण पक्का होईपर्यंत जपणे, त्यातील लहान दोष काढणे आणि पुढील काळात ऊन, पाऊस, धूळ व ओरखडे यांपासून त्याचे रक्षण करणे. कारखान्यात दिलेला रंग आणि गॅरेजमध्ये दिलेला रंग वेगवेगळ्या रीतीने पक्के होतात. त्यामुळे दुरुस्तीनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत रंगाला कशी वागणूक मिळते, यावर त्याचे आयुष्य बरेचसे अवलंबून असते. पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्य भागातील भोर व वेल्हे या तालुक्यांत जोराचा पाऊस, घाटरस्ते, तांबडा चिखल आणि शेतीची वाहतूक यांमुळे या निगेला विशेष महत्त्व आहे.

## स्थानिक पार्श्वभूमी

भोर व वेल्हे हे दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पूर्व उतारावर वसलेले आहेत. भोर हे पंतसचिवांच्या संस्थानाचे मुख्य ठिकाण होते. हे संस्थान १९४८ मध्ये मुंबई राज्यात विलीन झाले. वेल्हे तालुक्यात राजगड व तोरणा हे किल्ले असून, या तालुक्याचे नाव राजगड असे करण्याचा निर्णय राज्य शासनाने घेतला आहे.

पुणे–बंगळूर राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४८ भोर तालुक्याच्या पूर्व भागातून जातो. त्यावरील नसरापूर फाट्यावरून वेल्ह्याकडे व कापूरहोळहून भोरकडे रस्ते फुटतात. भोरहून पुढे वरंधा घाटाने महाडला उतरता येते; वेल्ह्याला पुण्याहून पाबे घाटानेही जाता येते. महामार्गावर पुढील वाहनाच्या चाकांखालून उडणारी खडी बोनेट व बंपरवर आदळते. आतील अरुंद रस्त्यांवर समोरून वाहन आले की गाडी कडेला घ्यावी लागते आणि करवंदीच्या जाळ्या किंवा कुंपणाचे काटे दारांवर ओरखडे काढतात. घाटातील वळणांवर कठड्याला घासणे, जनावरे आडवी येणे आणि पावसाळ्यात निसरड्या रस्त्यावरून गाडी घसरणे ही पत्राकामाची नेहमीची कारणे आहेत.

## कारखान्यातील व गॅरेजमधील रंग

कारखान्यात वाहनाचा रिकामा सांगाडा प्रथम विद्युतप्रवाहाच्या साहाय्याने प्रायमरच्या हौदात बुडवला जातो. त्यामुळे पोकळ भागांच्या आतही लेप बसतो. हा लेप सुमारे १६० ते १८० अंश सेल्सिअस तापमानाला भाजतात. वरचे थर सुमारे १४० अंशांवर भाजले जातात. सर्व थरांची एकूण जाडी साधारणतः १०० ते १५० मायक्रॉन असते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग होय.

दुरुस्तीसाठी आलेल्या वाहनात आसने, वायरिंग, रबर, प्लॅस्टिकचे भाग आणि इंधन असते. असे वाहन १४० अंशांना तापवता येत नाही. म्हणून दुरुस्तीसाठी दोन घटकांचे रंग वापरतात. त्यात राळेसोबत हार्डनर मिसळला जातो आणि दोहोंच्या रासायनिक अभिक्रियेने पॉलियुरेथेनचे जाळे तयार होते. रंगकामाच्या बंदिस्त कक्षात पत्रा सुमारे ६० अंशांवर अर्धा तास ठेवला की ही अभिक्रिया वेगाने पुढे सरकते. असा कक्ष नसलेल्या गॅरेजमध्ये ती हवेच्या तापमानावर, म्हणजे संथपणे होते.

### वाळणे आणि पक्का होणे

रंग वाळणे व पक्का होणे या दोन वेगळ्या अवस्था आहेत. बोटाला चिकटेनासा झालेला रंग वाळलेला असतो. परंतु त्याच्या आतल्या थरांतून थिनर बाहेर पडणे आणि रेणूंची जोडणी पुढे कित्येक दिवस चालू राहते. या काळात रंग मऊ असतो, नखाने दबतो आणि बाहेरील रसायने सहज शोषतो. वाहन मालकाच्या ताब्यात येते ते बहुधा याच अवस्थेत.

## रंगप्रकारांचा इतिहास

प्रारंभीच्या मोटारींना तेलयुक्त रंग हाताने देत व ते वाळण्यास कित्येक दिवस, प्रसंगी आठवडे लागत. १९२३ मध्ये अमेरिकेतील ड्यूपाँट कंपनीने ‘ड्यूको’ हा नायट्रोसेल्युलोज रंग बाजारात आणला. तो फवारून देता येई व लवकर वाळे. १९३७ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ ऑटो बायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी पॉलियुरेथेनचे रसायन शोधले. आजचे दोन घटकांचे रंग याच रसायनावर आधारलेले आहेत. रंगाचा थर व त्यावर पारदर्शक क्लिअर कोट ही पद्धत १९८० च्या दशकात सर्वत्र रूढ झाली.

मुंबईतील लोअर परळ येथे १९२० मध्ये स्थापन झालेली गहगन पेंट्स ही कंपनी आजच्या कन्साई नेरोलॅकची पूर्वज होय. १९६० च्या दशकात टेल्को व बजाज यांचे कारखाने पिंपरी-चिंचवड परिसरात आल्यावर पुण्याच्या आसपास वाहन-उद्योग वाढला आणि त्याबरोबर डेंटिंग-पेंटिंगचा व्यवसायही आसपासच्या तालुक्यांत पसरला.

जुना नायट्रोसेल्युलोज रंग केवळ थिनर उडून वाळत असे. त्यावर पुन्हा थिनर लागला की तो विरघळे. दोन घटकांचा रंग पूर्ण पक्का झाल्यावर सहसा विरघळत नाही. रंगनिगेविषयीच्या काही जुन्या समजुती नायट्रोसेल्युलोजच्या काळातील आहेत व त्या आजच्या रंगांना जशाच्या तशा लागू होत नाहीत.

## दुरुस्तीचे टप्पे

निगा कोणत्या थरांची करायची हे समजण्यासाठी कामाचा क्रम माहीत असणे उपयोगी ठरते.

1. पत्राकाम : चेपलेला भाग ठोकून किंवा ओढून मूळ आकारात आणला जातो. उघड्या पत्र्यावर पावसाळी हवेत काही तासांतच गंज धरू लागतो, म्हणून प्रायमर लगेच द्यावा लागतो.
2. लांबी भरणे : उरलेले खड्डे पॉलिएस्टर पुट्टीने, म्हणजेच लांबीने, भरून घासले जातात. ही पुट्टी पाणी शोषते. ती पाणी लावून घासली व पूर्ण वाळू न देता झाकली, तर अडकलेला ओलावा पुढे रंगावर फोड आणतो. म्हणून पुट्टी कोरडी घासणे श्रेयस्कर मानले जाते.
3. सरफेसर : बारीक ओरखडे भरून पृष्ठभाग सारखा करणारा थर.
4. बेस कोट : वाहनाच्या रंगसंकेतानुसार तयार केलेला मूळ रंग. संकेत वाहनावरील पट्टीवर दिलेला असतो. परंतु उन्हाने जुना रंग फिका पडलेला असल्यास केवळ संकेतावर विसंबून चालत नाही. धातूची चमक असलेल्या रंगांत नवा रंग शेजारच्या भागावर थोडा पसरवून मिसळला जातो.
5. क्लिअर कोट : चकाकी देणारा व सूर्याच्या अतिनील किरणांपासून खालच्या रंगाचे रक्षण करणारा पारदर्शक थर. याची जाडी साधारणतः ४० ते ६० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसापेक्षाही कमी असते.

प्लॅस्टिकच्या बंपरवर रंग सहज चिकटत नाही. त्यासाठी वेगळा प्रायमर आवश्यक असतो. तो वगळल्यास काही महिन्यांत रंगाचे पापुद्रे निघू लागतात.

## हवामानाचा परिणाम

भोर व वेल्हे तालुक्यांच्या पश्चिम भागात जून ते सप्टेंबर या काळात जोराचा पाऊस पडतो व हवा सतत दमट असते. अशा हवेत रंगकामात पुढील अडचणी येतात.

* थिनर उडताना पत्रा थंड होतो. त्याचे तापमान दवबिंदूच्या खाली गेल्यास हवेतील बाष्प ओल्या रंगावर जमते आणि रंग पांढुरका पडतो. पत्र्याचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंशांनी अधिक असावे, हा रंगकामातील सर्वसाधारण नियम आहे.
* हार्डनरमधील आयसोसायनेट पाण्याशीही अभिक्रिया करते व त्यातून कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो. त्याचे सूक्ष्म बुडबुडे थरात अडकतात आणि चकाकी कमी होते.
* कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साठते. ते वेळोवेळी काढले नाही आणि नळीवर गाळणी नसली, तर रंगासोबत पाण्याचे थेंबही फवारले जातात.

हिवाळ्यात पावसाची अडचण नसली तरी खोऱ्यांत पहाटे दव पडते. संध्याकाळी रंगवून उघड्यावर ठेवलेल्या वाहनाच्या मऊ रंगावर दवाच्या थेंबांचे वर्तुळाकार डाग उमटतात. उन्हाळ्यात गडद रंगाचा पत्रा फार तापतो. वरचा थर लवकर धरतो, आतील थिनर अडकतो आणि पुढे टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे दिसू लागतात. पाऊस संपल्यानंतरचा कोरडा काळ व बंदिस्त जागा असल्यास हे दोष पुष्कळ कमी होतात.

## निगेचे वेळापत्रक

रंग-उत्पादकाच्या माहितीपत्रकातील सूचना प्रमाण मानल्या जातात. त्या उपलब्ध नसल्यास पुढील सर्वसाधारण क्रम पाळला जातो.

| काळ | काय करावे | काय टाळावे |
|---|---|---|
| पहिले २४ तास | वाहन छताखाली, हवेशीर व धूळविरहित जागेत ठेवणे | स्पर्श, पाऊस, दव, वाहनावर कापड टाकणे |
| पहिला आठवडा | धूळ बसल्यास साध्या पाण्याने हळुवार धुणे | जोराच्या फवाऱ्याने धुणे, कोरड्या फडक्याने पुसणे |
| पहिला महिना | सौम्य शाम्पू व मऊ कापडाने सावलीत हाताने धुणे | मेण, रेडियम पट्ट्या, चिकटपट्टी, फिरत्या ब्रशचे धुलाईयंत्र |
| त्यानंतर | पॉलिश, मेण, सिरॅमिक लेप किंवा संरक्षक फिल्म | अकारण वारंवार कंपाउंड मारणे |

तापवलेल्या कक्षात पक्क्या झालेल्या रंगासाठी सुमारे ३० दिवसांची, तर हवेवर वाळलेल्या रंगासाठी ६० ते ९० दिवसांची प्रतीक्षा सुचवली जाते. या मुदतीबाबत जाणकारांत एकमत नाही. चांगल्या कक्षात भाजलेला दोन घटकांचा रंग काही दिवसांतच मेण सोसू शकतो, असे काहींचे मत आहे. थर किती जाड आहे आणि हार्डनर कोणत्या प्रमाणात मिसळला यावरही मुदत बदलते. दुचाकीची पेट्रोल टाकी हा अपवादात्मक भाग होय. पक्क्या न झालेल्या रंगावर सांडलेले पेट्रोल काही क्षणांत डाग पाडते.

## स्थानिक हानिकारक घटक

पक्ष्यांची विष्ठा व झाडे : विष्ठेतील आम्ल आणि ती वाळताना पडणारा ताण यांमुळे क्लिअर कोटवर खड्डा पडतो. ती खरवडून न काढता ओल्या कापडाने भिजवून उचलली जाते. जांभळाखाली उभ्या केलेल्या वाहनावर फळांचे डाग पडतात, तर इतर झाडांखाली कीटकांचा चिकट स्राव व चीक पडतो.

राबाची राख : भातरोपांची जागा तयार करण्यासाठी उन्हाळ्यात पालापाचोळा व शेणी पसरून राब भाजला जातो. त्याची राख वाऱ्याने दूरवर पसरते. लाकूडपाल्याची राख अल्कधर्मी असते व ओलावा मिळताच रंगावर डाग पाडते. ती कोरडी पुसल्यास ओरखडे उठतात. भरपूर पाण्याने वाहवून देणे योग्य ठरते.

चिखल व खडी : मुरमाड चिखलातील कण टोकदार असतात. वाळलेला चिखल फडक्याने पुसणे हे बारीक गोलाकार ओरखड्यांचे प्रमुख कारण आहे. चाकांच्या कमानींच्या आत साचलेला चिखल ओलावा धरून ठेवतो व गंजाला आतून सुरुवात होते.

शेतीची रसायने : अनेक द्रवरूप कीटकनाशकांत सेंद्रिय द्रावके असतात. फवारणीचे पंप व डबे वाहून नेणाऱ्या वाहनावर ती सांडल्यास नवा रंग मऊ पडतो. खतांचे क्षार ओरखड्यांतून पत्र्यापर्यंत पोहोचल्यास गंजाला वेग येतो.

पूजा व सजावट : दसऱ्याला वाहनांची पूजा केली जाते. ओल्या हळदी-कुंकवाने काढलेले स्वस्तिक नव्या रंगावर पिवळट-तांबूस डाग सोडू शकते. पारंपरिक कुंकू हळदीवर चुन्यासारख्या अल्कधर्मी पदार्थाची प्रक्रिया करून बनवलेले असल्याने ते फार वेळ राहू देणे योग्य नसते. झेंडूच्या हाराचा दोरा चालत्या गाडीवर घासतो, तर लग्नाच्या सजावटीची चिकटपट्टी काढताना रंग सोबत निघू शकतो. रंग नवा असताना हळद-कुंकू काचेवर किंवा नंबरपट्टीवर लावून हार आतील आरशाला बांधणे हा सोपा पर्याय असतो.

डिझेलने पुसणे : चकाकी आणण्यासाठी वाहन डिझेल किंवा रॉकेलने पुसण्याची रीत मालवाहू वाहनांबाबत आढळते. तेलकट थरामुळे काही काळ चमक दिसते. परंतु त्यावर धूळ चिकटते, रबर खराब होते आणि नवा रंग मऊ पडतो.

## दोष काढणे

रंग पुरेसा पक्का झाल्यावर पृष्ठभागावरील दोष काढता येतात. रंगात अडकलेले धुळीचे कण, संत्र्याच्या सालीसारखा खरबरीतपणा व लहान ओघळ हे १५०० ते ३००० क्रमांकाच्या वॉटर पेपरने पाणी लावून घासतात. त्यानंतर कंपाउंड व शेवटी बारीक पॉलिश मारले जाते.

प्रत्येक घासणीत क्लिअर कोट कायमचा कमी होतो. अतिनील किरणांना अडवणारी द्रव्ये याच थरात असतात. तो फार पातळ झाल्यास रंग काही वर्षांतच फिका पडतो व पापुद्रे निघतात. दार व बोनेटच्या कडांवर थर मुळातच पातळ असतो, म्हणून तेथे यंत्र चालवण्यापूर्वी कागदी पट्टी लावतात. जाडी मोजण्याचे उपकरण असल्यास किती वाव आहे हे आधीच कळते. पुट्टीवरील फोड, प्लॅस्टिकवरून सुटलेला रंग किंवा खालून आलेला गंज पॉलिशने जात नाही. तो भाग पुन्हा रंगवावा लागतो.

## संरक्षक लेप

* मेण : कार्नोबा ताडाचे किंवा कृत्रिम मेण पाणी ओघळून जाण्यास मदत करते. त्याचा परिणाम काही आठवडे ते काही महिने टिकतो. ते स्वस्त असून घरीच लावता येते.
* सिरॅमिक लेप : सिलिकायुक्त पातळ, कठीण लेप. रसायने व मळ यांपासून तो चांगले रक्षण करतो. मात्र खडीचा आघात किंवा काट्यांचे खोल ओरखडे तो थांबवू शकत नाही.
* संरक्षक फिल्म : सुमारे १५० ते २०० मायक्रॉन जाडीची पारदर्शक पॉलियुरेथेन फिल्म. खडी व काट्यांपासून रक्षण करणारा हाच खऱ्या अर्थाने परिणामकारक उपाय आहे, पण तो महाग असतो. संपूर्ण वाहनाऐवजी बोनेटची पुढची कड, बंपर व दारांच्या कडा एवढ्याच भागांवर ती लावता येते.

कोणताही लेप रंगातील मूळ दोष लपवतो, पण घालवत नाही. पक्क्या न झालेल्या रंगावर लेप दिल्यास आत अडकलेल्या थिनरमुळे फोड येऊ शकतात.

## विमा व कायदेशीर बाबी

भारतीय मोटार टॅरिफनुसार वाहनाच्या स्वतःच्या नुकसानीच्या दाव्यात रंगाच्या केवळ साहित्यखर्चावर ५० टक्के घसारा वजा केला जातो. रंगकामाचे एकत्रित बिल असल्यास त्यातील २५ टक्के रक्कम साहित्याची मानली जाते. उदाहरणार्थ, रंगकामाचे एकत्रित बिल १०,००० रुपये असल्यास साहित्य २,५०० रुपयांचे धरले जाते व १,२५० रुपये मालकाला सोसावे लागतात. सक्तीची वजावट याखेरीज असते. रबर व प्लॅस्टिकच्या भागांवरही ५० टक्के घसारा लागू होतो, त्यामुळे बंपर बदलल्यास मालकाचा वाटा वाढतो. शून्य घसाऱ्याचे पूरक संरक्षण घेतलेले असल्यास ही घसाऱ्याची रक्कम मिळू शकते.

वाहनाचा रंग नोंदणीपत्रात नमूद असतो. मूळ रंगच पुन्हा दिल्यास नोंद बदलावी लागत नाही. वेगळा रंग दिल्यास मात्र प्रादेशिक परिवहन कार्यालयात नोंद बदलून घ्यावी लागते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२१ नुसार लष्करी हिरवा रंग संरक्षण खात्याच्या वाहनांखेरीज इतरांना वापरता येत नाही.

## कामगारांचे आरोग्य व पर्यावरण

दोन घटकांच्या रंगातील आयसोसायनेट हे व्यावसायिक दम्याचे एक ज्ञात कारण आहे. त्याला वास जवळजवळ नसल्याने धोका लक्षात येत नाही. एकदा संवेदनशीलता निर्माण झाली की पुढे अत्यल्प प्रमाणानेही श्वास कोंडतो. रुमाल किंवा साधा कापडी मुखपट्टा यांमुळे ही वाफ अडत नाही. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटा, हातमोजे व हवा खेचणारा पंखा हे आवश्यक मानले जातात. पुट्टी कोरडी घासताना उडणाऱ्या धुळीसाठीही धूळरोधक मुखपट्टा लागतो. कमी दरात व लवकर काम मिळावे हा ग्राहकाचा आग्रह आणि ही साधने नसणे यांचा परिणाम रंगारी कामगाराच्या फुप्फुसांवर होतो.

पानशेत व वरसगाव ही वेल्हे तालुक्यातील धरणे खडकवासला प्रकल्पाचा भाग असून पुणे शहराला त्यांतून पाणी मिळते. भोर तालुक्यातील भाटघर व नीरा देवघर धरणांचे पाणी नीरा खोऱ्यातील शेतीला जाते. घासकामाचे रंगीत पाणी, उरलेला थिनर किंवा तेलकट वाहनाची धुलाई ओढ्यात सोडल्यास ते याच जलाशयांकडे वाहते. रंगाच्या औद्योगिक वापरातून निघणारा कचरा घातक कचरा नियम, २०१६ च्या अनुसूचीत समाविष्ट आहे. उरलेला थिनर बंद डब्यात निवळू देऊन बंदूक धुण्यासाठी पुन्हा वापरणे आणि वाहने प्रवाहापासून दूर धुणे हे छोट्या गॅरेजलाही परवडणारे उपाय होत.

## वाहन ताब्यात घेताना

वाहन धुतलेले व कोरडे असताना, दिवसाच्या उजेडात रंगाची तपासणी केली जाते. रंगाची छटा समोरून व तिरक्या कोनातून शेजारच्या भागाशी ताडून पाहतात. दारांच्या कडा, रबर पट्ट्या व दिव्यांवर रंगाचे तुषार उडाले आहेत का आणि दारांच्या तळाशी असलेली पाणी निघून जाण्याची छिद्रे बुजली आहेत का, हे पाहिले जाते. ही छिद्रे बुजल्यास पावसाळ्यात दारात पाणी साचून पत्रा आतून गंजतो. वापरलेल्या रंगाचा प्रकार व संकेत, रंग कक्षात भाजला की हवेवर वाळवला आणि रंगकामाची तारीख या बाबी बिलावर लिहून घेतल्यास निगेची मुदत ठरवणे, हमीचा दावा करणे व पुढील दुरुस्तीत छटा जुळवणे सोपे जाते. वाहन विकताना खरेदीदारालाही या नोंदीवरून दुरुस्तीचे खरे स्वरूप समजते.